टोकनपासून स्वीकारापर्यंत: दांपत्य समुपदेशनाच्या एका पद्धतीचा इतिहास

समुपदेशनाच्या पुस्तकांत जोडप्यांसोबत काम करण्याच्या पद्धती तयार सूत्रांसारख्या दिलेल्या असतात. त्या चुकत-माकत कशा घडल्या, ते मात्र क्वचितच सांगितले जाते.

१९६९ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टुअर्ट यांनी चार जोडप्यांवरील उपचार प्रसिद्ध केले. बायकोशी बोलल्याबद्दल नवऱ्याला टोकन मिळे आणि ती टोकने शरीरसुखासाठी वटवता येत. आज हे वाचवत नाही. बायको म्हणजे जणू बक्षीस! पण त्यामागचा वर्तनवादी विचार सरळ होता: बक्षीस मिळालेले वर्तन वाढते.

नील जेकबसन आणि गेला मार्गोलिन यांनी १९७९ च्या पुस्तकात हा विचार टोकनांपलीकडे नेला. जोडीदाराला आवडणाऱ्या गोष्टी ठरवून करणे, ऐकण्या-बोलण्याचा सराव, मतभेदावर मिळून तोडगा काढणे, अशी ही पद्धत होती.

आमच्या प्रयोगशाळेत नमुना तुटेपर्यंत ताणून पाहतात. जेकबसन यांनी आपल्याच पद्धतीचे तेच केले. १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह जुनी आकडेवारी पुन्हा तपासली. निम्म्याहून थोडी अधिक जोडपी सुधारली होती. समाधानी म्हणता येतील अशी जोडपी तृतीयांशाच्या आसपासच होती.

मग अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांच्यासोबत त्यांनी नवी मांडणी केली. प्रत्येक फरक मिटवायचाच, हा आग्रह सोडला. ‘तुला घराची किंमत नाही’ या आरोपामागचे ‘तू उशिरा आलास की मला एकटे वाटते’ हे वाक्य बाहेर आणायचे. भांडण दोघांनी मिळून बाहेरच्या वस्तूसारखे न्याहाळायचे. जे बदलत नाही, त्याला जागा द्यायची.

दीर्घकाळ त्रस्त असलेल्या १३४ जोडप्यांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. पहिली दोन वर्षे नवी पद्धत सरस दिसली. पाच वर्षांनी फरक उरला नाही: दोन्हींकडे सुमारे निम्मी जोडपी सुधारलेली, चतुर्थांशाहून थोडी अधिक विभक्त. जेकबसन हा निकाल पाहू शकले नाहीत. १९९९ मध्येच ते वारले.

भारतात १९८४ च्याच कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायालयात समुपदेशकांची तरतूद केली आणि तडजोडीचा प्रयत्न हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले. पण अमेरिकेतल्या त्या प्रयोगात जोडपी स्वतःहून आली होती आणि गंभीर मारहाण असलेली जोडपी मुळातच वगळली होती. न्यायालयातल्या समुपदेशकापुढे दावा दाखल झालेली जोडपी येतात, त्यांत मारहाण सोसलेल्या बायकाही असतात. तिथे ‘स्वीकारा’चे तंत्र लावण्याआधी ती बाई घरी सुरक्षित आहे का, हे विचारावे लागते, आणि तेही नवऱ्यासमोर नाही.