बोट धरलेला हात आणि १८३ बायका

फॉरवर्ड मेलच्या जमान्यात एक फोटो प्रचंड फिरला होता. आईच्या पोटावर ऑपरेशन चालू आहे, गर्भाशयाला दिलेल्या छेदातून एक इवलासा हात बाहेर आलाय आणि त्याने डॉक्टरांचं बोट धरलंय. फोटो खरा आहे. ऑगस्ट १९९९, व्हँडरबिल्ट विद्यापीठ, अमेरिका. पण बोट धरण्याचं म्हणाल तर आई आणि बाळ दोघंही भुलीखाली होते, हात मीच उचलला होता, असं सर्जन जोसेफ ब्रुनर यांनी नंतर सांगितलं. (छायाचित्रकाराला ते मान्य नव्हतं.) असो. मला त्या फोटोनंतरची गोष्ट जास्त थरारक वाटते.

ते ऑपरेशन होतं स्पायना बिफिडासाठी. गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत पाठीचा कणा नीट मिटत नाही आणि मज्जारज्जू उघडा राहतो. मग पायात ताकद नाही, लघवीवर ताबा नाही आणि बऱ्याच बाळांच्या डोक्यात पाणी साठतं. ते पाणी काढायची झडप १९५६ साली बनवली जॉन होल्टर नावाच्या तंत्रज्ञाने. माणूस कुलुपांच्या कंपनीत कामाला होता, डॉक्टर नव्हताच! त्याच्या स्वतःच्या मुलाला हा आजार होता. सर्जन युजीन स्पिट्झ यांना सोबत घेऊन त्याने सिलिकॉनची झडप तयार केली आणि हजारो मुलं जगली. पण ती नळी, म्हणजे शंट, तुंबते, तिला जंतुसंसर्ग होतो आणि पुन्हा पुन्हा ऑपरेशनं करावी लागतात.

१९९५ मध्ये मॉयली, हॅरिसन, ॲडझिक वगैरे मंडळींनी मेंढीच्या गर्भावर दाखवलं की उघडा मज्जारज्जू गर्भजलात राहून आणखी खराब होतो, आणि जन्माआधीच झाकला तर कोकरू चालतं. मग माणसांवर ऑपरेशनं सुरू झाली. २००३ पर्यंत दोनशेच्या वर झाली होती. पण उपयोग नक्की होतो का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं! ज्यांच्यावर ऑपरेशन झालं ती बाळं मुळातच कमी आजारी असतील तर?

म्हणून २००३ मध्ये मॉम्स ही चाचणी सुरू झाली. फिलाडेल्फिया, व्हँडरबिल्ट आणि सॅन फ्रान्सिस्को या तीनच ठिकाणी. बाकीच्या केंद्रांनी निकाल लागेपर्यंत हे ऑपरेशन करायचं नाही असं मान्य केलं. म्हणजे अमेरिकेतल्या आईला ते हवं असेल, तर चाचणीत नाव घालायचं आणि चिठ्ठी कोणती निघते ते पाहायचं. विचार करा, पोटात विसाव्या-पंचविसाव्या आठवड्याचं बाळ आहे आणि आत्ता ऑपरेशन की जन्मानंतर, हे रँडम नंबर ठरवणार. आपण रोज ए/बी टेस्टिंग करतो, बटण हिरवं की निळं. इथे ‘बी’मध्ये कोणाचं तरी बाळ होतं. मला हे क्रूर वाटतं. पण दुसरा प्रामाणिक मार्ग मला सापडत नाही.

२०० बायका घ्यायच्या होत्या. १८३ झाल्यावर, डिसेंबर २०१० मध्ये, चाचणी थांबवली, कारण फरक स्पष्ट दिसत होता. पहिल्या वर्षात शंट लागलेली बाळं ८२ टक्क्यांऐवजी ४० टक्के. अडीच वर्षांची असताना आधाराशिवाय चालणारी २१ ऐवजी ४२ टक्के. किंमतही होती. जन्माआधी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली (दुसऱ्या गटात १५ टक्के), आणि आईला पुढच्या प्रत्येक बाळंतपणात सिझेरियन.

४२ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं अजून चालत नाहीत, आणि डायना फार्मर यांना नेमकं हेच खटकत होतं. चाचणीच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या गटात असलेल्या या सर्जन पुढे यूसी डेव्हिसला गेल्या. दान केलेल्या वारेतल्या मूलपेशी एका पट्टीवर वाढवायच्या आणि पाठ शिवण्याआधी ती पट्टी थेट मज्जारज्जूवर ठेवायची, ही त्यांच्या गटाची कल्पना. आधी अर्थातच पुन्हा मेंढ्या. मग २०२१ मध्ये पहिल्या मानवी गर्भावर. तीही चाचणीच, आणि तिथेही आधी एका आईने हो म्हटलं होतं.