नॉर्वेची पदकं कशी वाचावीत?

महिलांच्या हँडबॉलचा अभ्यास कुठून सुरू करावा, असं कुणी विचारलं की मी नॉर्वेचं नाव घेतो. जेमतेम ५५ लाख वस्तीचा हा देश. जागतिक अजिंक्यपद त्याने पाच वेळा जिंकलं : १९९९, २०११, २०१५, २०२१ आणि २०२५. युरोपीय अजिंक्यपद दहा वेळा. ऑलिंपिक सुवर्ण तीनदा : बीजिंग, लंडन आणि पॅरिस. पण ही यादी पाठ झाली म्हणजे खेळ कळला असं होत नाही. पुढची पानं वाचताना यादीच्या मागे काय घडत होतं तिकडे वाचकाचं लक्ष असावं, एवढ्यासाठी हे चार शब्द.

आपल्याकडे हँडबॉल शालेय स्पर्धांत खेळला जातो आणि शाळा सुटली की बहुतेकांच्या नजरेआड होतो. म्हणून थोडी उजळणी. मैदान ४० बाय २० मीटर, एका बाजूला सात जणी, अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन डाव. चेंडू हातात धरून तीन पावलं, तीन सेकंद. त्याहून जास्त नाही. गोलपुढचा सहा मीटरचा पट्टा फक्त गोलरक्षकाचा. आक्रमक खेळाडूला त्यात पाय टेकवता येत नाही, पण रेषेबाहेरून झेप घेऊन, पाय जमिनीला लागण्याआधी चेंडू फेकता येतो. या खेळाचं सारं सौंदर्य त्या हवेतल्या क्षणात आहे. समोर सहा बचावपटू, कबड्डीतल्या साखळीसारख्या, एकीच्या हालचालीवर दुसरी सरकणाऱ्या. जोरात धसमुसळेपणा केला की दोन मिनिटं बाहेर, आणि तेवढा वेळ संघ एका खेळाडूने कमी.

एका सामन्यात दोन्ही बाजू मिळून पन्नासच्या आसपास गोल होतात. त्यामुळे फुटबॉलसारखा एखादा गोल डोक्यावर घेऊन नाचण्यात अर्थ नसतो. किती हल्ले वाया गेले आणि वाया गेलेल्या हल्ल्याचं प्रतिस्पर्ध्याने काय केलं, हे मोजावं लागतं. नॉर्वेचं बळ नेमकं इथे आहे. गोलरक्षकाने चेंडू अडवला, तो तिच्या हातात स्थिरावतोय न स्थिरावतोय तोच कडेची खेळाडू पलीकडच्या गोलकडे धावत सुटलेली असते. लांब फेक, एक झेल, एक उडी, गोल. समोरचा बचाव अजून मागे वळतोच आहे. ही चपळाई नुसत्या पायांची नसते. चेंडू अडणारच, या भरवशावर धावायला आधीच सुरुवात करावी लागते, आणि असा भरवसा संघात वर्षानुवर्षं मुरावा लागतो.

तो मुरला कसा, हा या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न. महिलांची पहिली इनडोअर जागतिक स्पर्धा १९५७ साली झाली आणि ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९७६ला मॉन्ट्रियलला आला. तेव्हा दबदबा सोव्हिएत संघाचा. नॉर्वेला जागतिक स्पर्धेत पहिलं पदक, कांस्य, मिळालं ते थेट १९८६ साली. पुढे सोल आणि बार्सिलोना, दोन्ही ऑलिंपिकमध्ये रौप्य. दोन्ही वेळा वरचढ ठरला दक्षिण कोरिया. १९९४ला मारिट ब्रेव्हिक प्रशिक्षक झाल्या. त्या स्वतः राष्ट्रीय संघातून खेळलेल्या. निर्णयाची जबाबदारी त्यांनी खेळाडूंच्या एका गटात वाटून दिली. मैदानात अडचण आली तर उत्तर बाकावरून येण्याची वाट पाहायची नाही, ही सवय लावली. पंधरा वर्षांनी, २००९ला, त्यांच्या जागी आले ते मूळचे आइसलँडचे थोरिर हेर्गेइरसन. ते २००१पासून ब्रेव्हिक यांचे सहायक होते. मुख्य प्रशिक्षक म्हणून २०२४पर्यंत त्यांनी अकरा सुवर्णपदकं मिळवून दिली. तीस वर्षांत दोनच मुख्य प्रशिक्षक, आणि दुसरा पहिल्याच्या हाताखाली तयार झालेला! पदकांच्या तक्त्यात ही गोष्ट कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण माझ्या मते तक्त्याचं अर्धं स्पष्टीकरण तिच्यात आहे.

गोलरक्षक कात्रिने लुंडे हिच्याकडे पाहिलं तरी हेच दिसतं. जन्म १९८०चा. बीजिंगला ती जुळी बहीण क्रिस्टिने हिच्यासोबत खेळली, लंडनला खेळली, आणि पॅरिसला चव्वेचाळिसाव्या वर्षी तिसरं ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आली.

तक्त्यातले रिकामे चौकोनही वाचावेत. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकला नॉर्वे पात्रच ठरला नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात हंगेरीत त्याने युरोपीय अजिंक्यपद पटकावलं. पॅरिसला तर पहिलाच सामना स्वीडनकडून हरला, आणि अंतिम सामन्यात यजमान फ्रान्सला २९-२१ असं नमवलं. बीजिंगच्या उपांत्य सामन्यात ग्रो हामरसेंगने अगदी शेवटच्या क्षणी गोल केला, नॉर्वे कोरियाविरुद्ध २९-२८ने जिंकला. चेंडू रेषेपार जाण्याआधी वेळ संपली होती, असं म्हणत कोरियाने दाद मागितली. ती फेटाळली गेली. या सामन्याचा इतिहास ऑस्लोत बसून एक लिहिला जाईल आणि सोलमध्ये दुसरा. अभ्यासकाने दोन्ही वाचायला हवेत.

नॉर्वेपाशीच थांबूही नये. १९९६, २००० आणि २००४ असं सलग तीन ऑलिंपिकांचं सुवर्ण डेन्मार्कने जिंकलं आहे. आफ्रिकेत अंगोलाची वर्षानुवर्षांची हुकमत स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. २०२४च्या डिसेंबरात आशियाई महिला स्पर्धा दिल्लीत भरली होती. भारतीय मुलींना आशियातल्या बलाढ्य संघांशी घरच्या मैदानावर खेळता आलं. त्याबद्दल मराठीत कुणीतरी नेटाने लिहायला हवं, आणि ते काम या पानांच्या वाचकांपैकीच एखादीने हाती घ्यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक काम करा. २०२१च्या जागतिक स्पर्धेचा स्पेनमधल्या ग्रानोयेर्सला झालेला अंतिम सामना मिळवून पाहा. मध्यंतराला फ्रान्स १६-१२ने पुढे होता. शेवटी नॉर्वे २९-२२ने जिंकला. म्हणजे उत्तरार्धात फ्रान्सला फक्त सहा गोल करता आले. वही घेऊन बसा आणि त्या अर्ध्या तासातला फ्रान्सचा प्रत्येक हल्ला कुठे आणि कुणामुळे अडला, ते लिहून काढा.