गळ कोणाचा, नौका कोणाची? : सागरी मत्स्यमृगयेच्या इतिहासातील तांडेल

परभणी जिल्ह्याचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. गंगाखेडच्या गोदावरीतील डोह ओळखणारा भोई येथे परिचयाचा. खोल समुद्रातील मासेमारी मात्र आपल्याला प्रामुख्याने पुस्तकांतूनच भेटली. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या १९५२ च्या कादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला ‘एका कोळियाने’ हा अनुवाद त्यांपैकी एक होय. या कादंबरीच्या मागे छंद म्हणून केल्या जाणाऱ्या महामत्स्यांच्या शिकारीचा अर्धशतकाचा इतिहास आहे. तो दांडी धरणाऱ्याच्या नावाने लिहिला गेला. नौका हाकणाऱ्या कप्तानाला त्यात दुय्यम स्थान मिळाले. असे का घडले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

या क्रीडेचा आरंभ सामान्यतः १ जून १८९८ पासून मानला जातो. त्या दिवशी कॅलिफोर्नियाजवळील सांता कॅटालिना बेटाच्या समुद्रात चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी दांडी व रीळ यांच्या साहाय्याने १८३ पौंडांचा ट्यूना मासा पकडला. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने अव्हलॉन येथे ट्यूना क्लब स्थापन झाला. साधने हलकी असावीत, माशाला झुंजीची संधी मिळावी, हा त्यामागील विचार. तथापि ट्यूना नौकेला बुजतो, ही अडचण क्लबच्या नियमांनी सुटणारी नव्हती. ती १९०९ च्या सुमारास जॉर्ज फार्न्सवर्थ या कप्तानाने सोडविली. त्याने गळाची दोरी पतंगाला अडकविली. त्यामुळे आमिष नौकेपासून दूर, पाण्याच्या पृष्ठभागावर उड्या मारीत राहू लागले. ही युक्ती पुढे जगभर पसरली. प्रस्तुत लेखकाच्या मते या क्रीडेच्या इतिहासात होल्डर यांच्या माशाइतकेच महत्त्व या पतंगाला द्यावयास हवे.

१९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे आंतरराष्ट्रीय क्रीडा-मत्स्य संघटना स्थापन झाली आणि विक्रमांचे नियम एकसूत्री झाले. झुंज चालू असताना दांडी, रीळ वा दोरीला अन्य कोणी स्पर्श केला तर तो विक्रम बाद ठरतो. नियम न्याय्य आहे, परंतु तो हातांपुरताच विचार करतो. मासा कोठे असेल हे ओळखणे, तो खोल गेला की नौका मागे घेणे, तो पळाला की पाठलाग करणे, दोरीवरील ताण तुटेपर्यंत जाऊ न देणे, ही कामे सुकाणूवरून होतात. त्यांची गणना स्पर्शात होत नाही. ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरूमधील काबो ब्लांको येथे आल्फ्रेड ग्लासेल यांनी १,५६० पौंडांचा काळा मर्लिन पकडला. तो विक्रम आजही अबाधित असून ग्लासेल यांच्या एकट्याच्या नावे आहे.

हेमिंग्वे स्वतः याच वर्तुळातील होते. १९३४ मध्ये त्यांनी ‘पिलार’ ही नौका घेतली. कार्लोस गुतिएरेस आणि त्यांच्यानंतर ग्रेगोरिओ फुएंतेस हे दर्यावर्दी तिच्यावर होते. एकट्या म्हाताऱ्याचा मासा शार्कांनी खाल्ल्याची हकीकत हेमिंग्वे यांनी १९३६ मध्येच एका लेखात दिली होती. १९३९ मध्ये मॅक्सवेल पर्किन्स या संपादकांना त्यांनी कळविले, की सर्व तपशील बिनचूक यावा म्हणून आपण वृद्ध कार्लोसबरोबर त्याच्या होडीतून जाणार आहोत. हे पत्र इतिहासाच्या अभ्यासकाला मोलाचे वाटावे. दांडी बाळगणाऱ्या लेखकाला ज्ञानासाठी कोळ्याच्या होडीत बसावे लागले. कादंबरीतील सांतियागो गळ टाकणारा आणि नौका हाकणारा असा दोन्ही आहे. क्रीडेने ज्यांची फारकत केली ते दोघे येथे एका देहात आले. मराठी शीर्षकातील ‘कोळी’ या शब्दाला जाळे विणणाऱ्या जीवाचाही अर्थ आहे. हा श्लेष मूळ इंग्रजीत संभवतच नाही.

आपल्या किनाऱ्यावर कप्तानाला तांडेल म्हणतात. उधाण आणि भांग यांतील पाण्याचा ओढ, पाण्याचा रंग, किनाऱ्यावरील डोंगर-देवळांच्या खुणा यांवरून तो जागा ठरवितो. डोल जाळे तर प्रवाहाच्या ओढावरच चालते, म्हणून तिथींचे ज्ञान अपरिहार्य. उपग्रहाधारित दिशादर्शक आणि मासे शोधणारी यंत्रे आल्यानंतर या खुणांची गरज कमी झाली. हे ज्ञान बहुतांशी मौखिक असल्याने ते टिपून घेण्याचा अवधीही त्याच वेगाने कमी होत आहे. दप्तरात शोधावे तर तेथेही तांडेल सहज सापडत नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये परवान्यासाठी अर्ज करतो तो नौकेचा मालक.