फॅन बेल्ट तुटणे व इंजिनाची ऑइलगळती

मोटारगाडीच्या इंजिनातले हे दोन नेहमीचे बिघाड. ते वेगवेगळे होतात, तसेच एकातून दुसराही उद्भवतो. त्यामुळे गाडी एका तक्रारीसाठी गॅरेजमध्ये आली तरी दुसरी तपासल्याशिवाय निदान पुरे होत नाही.

फॅन बेल्ट म्हणजे क्रँक पुलीवरून फिरणारा रबरी पट्टा. तो अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप चालवतो. पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक असेल तर त्याचाही पंप. जुन्या गाड्यांत रेडिएटरचा पंखाही याच पट्ट्यावर फिरे. टायमिंग बेल्ट हा प्रकार निराळा. तो कव्हरच्या आत असतो, व्हॉल्व्हची उघडझाप क्रँकशी जुळवून ठेवतो, आणि तुटला की इंजिन तत्क्षणी बंद पडते. मारुती ८०० ला असा बेल्ट होता. पुढच्या के-सिरीज इंजिनांत त्याच्या जागी साखळी आली.

मुंबईत फॅन बेल्ट घरोघरी माहीत झाला तो प्रीमियर पद्मिनीमुळे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात ही १०८९ सीसीची गाडी तयार होई. एकच पट्टा पंखा, वॉटर पंप आणि चार्जिंग सांभाळत असल्याने तो तुटला की तिन्ही कामे एकदम थांबत. जाणते टॅक्सीवाले डिकीत जादा बेल्ट आणि पाने ठेवून असत. अल्टरनेटरचा बोल्ट सैल करायचा, नवा बेल्ट चढवायचा, पहारीने ताण देऊन बोल्ट कसायचा, की गाडी पुढे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून हटली. हल्लीच्या लांबलचक, अनेक खाचांच्या एकाच पट्ट्याला आपोआप ताण देणारा टेन्शनर असतो. असा पट्टा बदलणे रस्त्याच्या कडेला सहसा जमत नाही.

बेल्ट तुटल्याची पहिली खूण म्हणजे डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा. एसी गार हवा देईनासा होतो, हायड्रॉलिक स्टिअरिंग जड होते. वॉटर पंप याच पट्ट्यावर असेल तर तापमानाचा काटा काही मिनिटांत वर जातो. घाटकोपरजवळ एलबीएस मार्गावर रांगेत अडकलेल्या चालकाला ‘सिग्नल सुटला की बघू’ म्हणण्याची मुभा नसते. इंजिन तिथेच बंद करायचे. रेटून नेले तर हेड गॅस्केट उडते आणि स्वस्तातला बेल्ट महागात पडतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये.

तुटण्याआधी बेल्ट बहुधा चिरकतो, विशेषतः पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताना. चालू इंजिनात हात आत न घालता, लांबून पट्ट्याच्या खाचांवर थोडे पाणी शिंपडले तर कारण उलगडते. आवाज क्षणभर थांबून परतला तर पुल्या एका रेषेत नाहीत. लगेच वाढला तर ताण कमी आहे. जुन्या रबराला भेगा पडत. नव्या ईपीडीएम रबराच्या पट्ट्याला त्या सहसा पडत नाहीत, त्याच्या खाचा झिजतात. ‘भेग नाही, म्हणजे चांगला आहे’ हा निर्वाळा आता कालबाह्य झाला आहे.

ऑइलगळतीत मुख्य अडचण जागा शोधण्याची. ऑइल वरून खाली ओघळते आणि धावत्या गाडीखालच्या वाऱ्याने मागे सरकते, त्यामुळे चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलपात्राखाली, थेंब दिसला तरी चेंबर दोषी ठरत नाही. आधी इंजिन धुऊन पुसावे, थोडी गाडी चालवावी आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत यावे : टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑइल फिल्टर, प्रेशर स्विच, क्रँकचे पुढचे सील, शेवटी चेंबर आणि ड्रेन बोल्टचे वॉशर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवला तर गळतीची जागा आणि रंग दोन्ही कळतात. तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा. नितळ पाणी एसीचे, त्याची काळजी नको. पॅकिंग एकामागून एक फुटू लागली तर ब्रीदरची नळी तुंबली आहे का ते पाहावे, कारण आत साठलेला दाब सील बाहेर ढकलतो. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर डिपस्टिक काढावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा उपनगरांत असंख्य गाड्या बुडाल्या. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले तर स्टार्टर मारू नये.

पुढचे सील किंवा टॅपेट कव्हर गळू लागले की ऑइल पट्ट्यावर पडते. रबर फुगते, मऊ पडते, घसरते आणि पुलीवरून उतरते. गळती न थांबवता नवा बेल्ट घातला तर तोही त्याच वाटेने जातो. याची उलटी बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही. फाटलेल्या पट्ट्याचे दोरे क्रँक पुलीमागे गुंडाळले जातात आणि सीलच्या ओठात शिरतात. बेल्ट बदलल्यानंतर आठवड्याभरात ऑइल दिसू लागले, तर नव्या बेल्टला दोष देण्याआधी पुली काढून मागे पाहावे. चांगला मेकॅनिक तुटलेल्या पट्ट्याचे तुकडे जमिनीवर मांडून जुळवतो आणि उरलेला दोरा शोधतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत जुना अल्टरनेटर तपासून घेता येतो, पण जुना बेल्ट किंवा सील तिथून घेऊ नये. रबर नुसते पडून राहिले तरी जुने होते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकत असेल तर क्रँकच्या मागच्या सीलचा संशय घ्यावा. सील स्वस्त असते, मजुरी जास्त, कारण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. महिन्याकाठी चार थेंब पडत असतील आणि डिपस्टिकवरची पातळी टिकून असेल, तर पुढच्या क्लचप्लेटच्या कामापर्यंत थांबणे परवडते.