पाईनघाटातला ‘न’

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालेली एसटी राजूर घाटाची वळणं उतरते, खिडकीतून येणारा वारा एकदम गरम लागतो आणि थोड्या वेळात गाडी मोताळ्यात पोचते. या उताराखालच्या मुलखाचं जुन्या दफ्तरातलं नाव पाईनघाट. आता हा शब्द क्वचितच कानी पडतो. ज्यांना तो ठाऊक आहे ते बहुधा ‘पाय’ अधिक ‘घाट’ अशी फोड करून ‘डोंगराच्या पायथ्याचा उतार’ असा अर्थ सांगतात. ही फोड सोपी आहे, पण खरी नाही.

एक तर मधल्या ‘न’चा हिशेब लागत नाही. शिवाय पाईनघाट एकटा येत नाही, त्याच्या जोडीला बालाघाट असतोच. बाला म्हणजे फारसीत वरचा. आपल्या बालेकिल्ल्यातही तोच आहे. मग पाईन म्हणजे खालचा, हाही फारसीच. आणि मला सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा दूरचा आहे. अर्काटच्या नबाबाच्या मुलखालाही कर्नाटक पाईनघाट म्हणत, आणि वरच्या पठाराला कर्नाटक बालाघाट. त्या तमिळ मुलखात मराठी ‘पाय’ कुठून जाणार? वऱ्हाड आणि अर्काट या दोहोंना जोडणारी होती ती फारसी दफ्तराची भाषा.

प्रतिपक्षाची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. फारसी ‘पाईन’ हा त्या भाषेतल्या ‘पाय’वरूनच झाला आहे. पायजम्यातला पाय तोच, आणि संस्कृत ‘पाद’वरून आलेल्या आपल्या पायाचा तो भाऊबंद. नातं आहे, पण चुलत घराण्याचं.

अर्थाची चूक याहून मोठी. पाईनघाट हा उतार नव्हेच. अजिंठ्याची रांग आणि मेळघाट यांच्यामधलं पूर्णेचं काळ्या मातीचं सपाट खोरं, तो वऱ्हाडचा पाईनघाट. इथे कोश उघडायचीही गरज नाही. मोताळ्यात कुणालाही विचारा : मोताळा, मलकापूर, नांदुरा घाटाखाली, बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. कारकुनाची फारसी गेली, तरी तिचा नेमका अर्थ लोकांनी मराठीत जपून ठेवला आहे.

म्हणून गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांना विनंती आहे, ‘पायघाट’ असं सुधारून लिहू नका. तो ‘न’ राहू द्या.