रानाचा नकाशा

गावाच्या चावडीतला नकाशा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी आरंभली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, साखळीभर लांब व तितक्याच रुंद जमिनीचा एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. शेताला नंबर मिळाला, बांधाला दगड मिळाला आणि सरकारला सारा मिळाला. काम चोख होते, यात शंका नाही. पण साऱ्यासाठी काढलेल्या नकाशात, ज्यावर सारा बसत नाही ते कशाला येईल? मोह कुठे चांगला फुलतो, मधाचे पोळे कोणत्या झाडाला लागते, वैशाखातही कोणता झरा आटत नाही, हे साखळीने मोजता येत नाही. ते म्हाताऱ्यांच्या डोक्यात राहिले.

मध्यप्रांतात मात्र एक शहाणपण दाखवले गेले. तिथल्या बंदोबस्तात गावच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात टिपल्या जात. (नाव दरबारी, मजकूर अस्सल रानातला!) जमीनदारी गेल्यावर ‘निस्तार पत्रक’ आले. सरपण, चराई, बांबू गावाने कुठून व कशा रीतीने न्यावा, याची ती नोंद. विदर्भ महाराष्ट्रात आला तसे हे दोन्ही कागदही आले. १९६६च्या जमीन महसूल संहितेत त्यांना विदर्भापुरती जागा आहे. पण कागद कपाटात राहिला आणि बांबू कागद गिरण्यांकडे गेला.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे गोंडांचे छोटे गाव या कोंडीतून कसे सुटले, ते ऐकण्यासारखे आहे. १९८०च्या दशकातील धरणविरोधी आंदोलनाने गाव जागे झाले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने तिथे अभ्यासगट बसू लागले. निर्णय सर्वांच्या संमतीने. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा चर्चा. आमच्या शहरी सभांना हे वेळखाऊ वाटेल. मला तर तेच खरे काम वाटते. मध काढताना माशा जाळायच्या नाहीत, हेही अशाच अभ्यासातून ठरले.

पुढे २००६चा वनहक्क कायदा आला. त्याच्या नियमांत एक कलम मोठ्या मोलाचे आहे. चराईची राने, कंदमुळांच्या जागा, पाणवठे, देवराया, स्मशाने हे सारे सामूहिक हक्काचा पुरावा ठरते, आणि जाणत्या म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घेतला, तर तोही. हद्दीचा नकाशा तयार करायचा तो गावच्याच वनहक्क समितीने आणि मंजूर करायचा ग्रामसभेने. ज्या ज्ञानाला शतकभर चावडीत खुर्ची मिळाली नव्हती, ते आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि खरे ठरले.

२००९ साली मेंढ्याला सुमारे १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याचाच! कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते, तरी खाते त्याला लाकूड समजत होते. हा वाद दोन वर्षे चालला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. तिथून पुढे बांबूची गाडी गावाच्या सहीने रस्त्याला लागली.