‘अपील नाही’ याचा अर्थ

शेतरस्त्याच्या वादात तहसीलदारांचा निकाल विरुद्ध गेला, की गावात पहिला प्रश्न निघतो : आता अपील कुठे? मी वकील नाही. जुने महसुली कायदे जमवून वाचण्याचा नाद तेवढा आहे. त्या वाचनातून एक गोष्ट पक्की झाली. त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : तहसीलदार कोणत्या कायद्याखाली बसले होते?

मुंबई इलाख्यात मामलेदार न्यायालयांचा कायदा 1864 मध्ये झाला. 1876 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि 1906 मध्ये आजही लागू असलेला मामलेदार न्यायालय अधिनियम आला. त्याचे कलम 5 शेतकऱ्याच्या रोजच्या अडचणींचे आहे : वहिवाटीचा रस्ता अडवला, पाण्याचा प्रवाह रोखला, बेकायदा कब्जा काढून घेतला. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागायची. अर्ज नीट लिहिलेला नसला, तरी मामलेदाराने कायद्यातील उपाय समजावून सांगायचा. अर्जदाराला तो हवा असेल, तर त्याच कागदाला दावा मानायचे. पेरणी कुणासाठी थांबत नाही, हे या कायद्याला ठाऊक होते.

आणि याच कायद्याच्या कलम 23 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, मामलेदाराच्या आदेशावर अपील नाही. वाचताना हा अन्याय वाटतो. पण शेजारचे कलम 22 वाचले की हिशेब जुळतो. मामलेदाराने ज्याला कब्जा दिला, त्याचा कब्जा दिवाणी न्यायालयाने हटवेपर्यंत टिकतो. म्हणजे मालकी कुणाची, हे मामलेदार ठरवतच नाही. त्याचा निकाल झटपट आहे, कारण तो छोटा आहे. अपील बंद ठेवले, ते हक्काचा मोठा दरवाजा दुसरीकडे उघडा ठेवूनच.

मधे एक खिडकीही आहे : जिल्हाधिकारी कागदपत्रे मागवून, आदेश बेकायदा किंवा अयोग्य वाटल्यास, दोन्ही पक्षांना नोटीस देऊन तो बदलू शकतो. याला पुनरीक्षण म्हणतात. अपील हा पक्षकाराचा हक्क. पुनरीक्षण हा वरिष्ठाचा अधिकार. वरिष्ठांपुढे सगळा पुरावा पुन्हा चाळला जाईल, अशी आशा धरून गेलेला माणूस इथेच फसतो.

या व्यवस्थेची पारख करायची, तर 1879 चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा शेजारी ठेवावा. सुप्यातून 1875 मध्ये पेटलेल्या सावकारविरोधी दंग्यांनंतर तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांसाठी झाला. त्यातही ठरावीक दाव्यांत अपील बंद केले होते. खर्चाच्या पायऱ्या चढत कुळ आणखी बुडू नये, हा त्यातला विचार दिसतो. पण तिथे निकाल छोटा नव्हता, सगळे कर्जच ठरत होते. म्हणून जिल्हा न्यायाधीशाला पुनरीक्षणाचा अधिकार दिला आणि न्याय बिघडल्याचे दिसल्याशिवाय निकाल बदलायचा नाही, अशी अटही घातली. या कायद्याखालच्या विशेष न्यायाधीशाच्या जागेवर महादेव गोविंद रानडे यांनी काम केले. निकालाचे वजन वाढले, तशी तपासणीची माणसेही मोठी लागली.

आता पुन्हा आपल्या रस्त्याकडे. आधीचा रस्ता अडवला असेल, तर 1906 चा कायदा. मुळात रस्ताच नाही, बांधावरून नवा हवा, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 143. इथे तहसीलदारांच्या निर्णयावर प्रांताकडे अपील चालते, मुदत 60 दिवस. किंवा एका वर्षात दिवाणी दावा. पण दावा दाखल केला, की अपील आणि पुनरीक्षण दोन्ही बंद.

अधिकारी तोच, बांध तोच, भांडणही तेच. कलम बदलले की पुढची वाट बदलते. चुकीच्या दारात मुदत संपते आणि हंगामही. म्हणून निकालपत्र हाती आले, की शेवटच्या ओळीआधी मथळा वाचावा : कोणता कायदा, कोणते कलम. शंभर वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांनी आपली वाट तिथेच लिहून ठेवलेली असते.